स्टेटसमधला कोंबडा

स्टेटस वाचावं तर या लेओकाडियानेच, असं अख्ख्या मसाकात म्हणतात. म्हणजे अजून कुणी म्हणत नाही, पण म्हणायला हरकत नाही. लोकांना वाटतं, स्टेटस म्हणजे बघायचं आणि पुढे ढकलायचं. तसं नसतं. फोटोत पोरीने कपडे इस्त्रीचे घातलेत का, मागची भांडी घासलेली आहेत का, हसू नुसतं ओठांवर आहे की डोळ्यांपर्यंत पोचलंय, हे सगळं चार सेकंदांत टिपावं लागतं. मी तीस वर्षं बायकांच्या पायघोळ गोमेसी शिवतेय. बाई दारातून आत आली की टेप न लावता तिच्या कमरेचं माप सांगते. मग एका पोरीच्या मनाचं माप घ्यायला मला कितीसा वेळ लागणार?

पोर म्हणजे नासूना, माझी भाची. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. माझा धाकटा भाऊ गेराल्ड एका हातात तिला आणि दुसऱ्या हातात गादीची वळकटी धरून माझ्या दारात उभा राहिला. आमच्यात आत्या त्यासाठीच असते, त्यामुळे कुणी फार बोललं नाही. मी गादी आत घेतली आणि पोरीला शिजवलेल्या केळ्यांचा मटोके वाढला. पुढची सोळा वर्षं ती माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी वाढली, आणि मग तिला कंपालात एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि बॅनर बनवायची नोकरी लागली. तिचा धाकटा भाऊ केफा तिथे कॉलेजात होताच, दोघांनी मिळून एक खोली घेतली.

सुरुवातीला मी तिला दिवसातून चार वेळा फोन करायचे. उठलीस का, पोचलीस का, खाल्लंस का, परत आलीस का. यात जास्त काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण महिन्याभराने ती म्हणाली, "आत्या, दिवसातून चार-चार वेळा नको गं करूस. ऑफिसात सगळे हसतात."

ठीक आहे. मी काही कुणाच्या गळ्यात पडणाऱ्यांतली नाही. त्या दिवसापासून मी फोन करणंच बंद केलं. ती रविवारी करायची, तेव्हा मी मुद्दाम तुटक बोलायचे. "बरी आहे. काम आहे. ठेवते." मी रागावलेय हे तिला कळावं आणि तिने माझी समजूत काढावी, एवढाच माझा हेतू होता. झालं भलतंच. हळूहळू रविवारचे फोनही थांबले. आठ महिने झाले या गोष्टीला.

पण मी तिच्याबद्दल सगळं जाणून होते, कारण ती रोज स्टेटस टाकायची. मी सकाळी सव्वासहाला मशीनवरचं कापड बाजूला करायच्या आधी फोन उघडायचे. एक दिवस अर्धवट खाल्लेला रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, आणि खाली लिहिलेलं, "आजचं जेवण, उद्याचा पश्चात्ताप." एक दिवस छापखान्यातलं मांजर कागदांच्या गठ्ठ्यावर झोपलेलं, "या ऑफिसात एकच जण सुखी आहे." एकदा करपलेल्या मटोकेचा फोटो होता, "कोळसा विकणे आहे." मी एकटीच इतकी हसले की मशीनची सुई मोडली. आणि एक दिवस नुसताच काळा चौकोन, त्यावर दोन शब्द, "आज नको." त्या दिवशी मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. एका गिऱ्हाइकाच्या गोमेसीला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या.

तर मुद्दा कोंबड्याचा.

त्या आठवड्यात मला चिन्हं दिसायला लागली होती. मंगळवारी तिचे डोळे सुजलेले, खाली, "तीन रात्री झोप नाही." बुधवारी, "आज त्याच्या दारात जाऊन स्पष्ट बोललेच." गुरुवारी, "माणूस वाटला तेवढा वाईट नाही." मी म्हटलं, ओहो. आणि शनिवारी सकाळी सव्वासहाला मी फोन उघडला, तर आदल्या दुपारी टाकलेला फोटो. पांढराशुभ्र पायघोळ कांझू घातलेला एक उंच तरुण हसत हसत आमच्या केफाच्या हातात कोंबडा देतोय. जिवंत. पाय बांधलेला. खाली नासूनाने लिहिलेलं, "झालं एकदाचं! आता सुखाने झोपेन."

तुम्ही म्हणाल, कोंबडाच तर दिला. आमच्याकडे नवरा मुलगा सगळे आहेर देतो, टोपल्यांच्या रांगा लावतो, आणि शेवटी मुलीच्या भावाच्या हातात कोंबडा देतो. भावाने तो घेतला की संपलं, मुलगी दिली. आणि त्या कोंबड्यापर्यंत पोचायची वाट आत्याच्या दारातून जाते. मुलगा आधी आत्याकडे येतो. आत्या त्याला खालून वर बघते, वरून खाली बघते, मग हाताला धरून भावाच्या घरी नेते. नासूना सहा वर्षांची असल्यापासून मी त्या दिवसाची वाट बघत होते. तिची जांभळी रेशमी गोमेसी मी कधीच शिवून ट्रंकेत ठेवली होती.

मी मशीनसमोर बसून राहिले. ती मला विसरली असती तर मी समजू शकले असते, पोरं विसरतात. पण कोंबडा देण्याघेण्यापर्यंत गोष्ट गेली आणि आत्याला कुणी विचारलं नाही, म्हणजे तिने ठरवून मला बाजूला काढलं होतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही.

शेजारी पर्पेचुआचं टोमॅटोचं दुकान आहे. मी तिथे गेले. "नासूनाचा फोटो बघितलास?"

पर्पेचुआला जगातली कुठलीही बातमी आपल्याला उशिरा कळली हे कबूल करणं जमत नाही. "बघितला की," ती म्हणाली. "काल संध्याकाळीच. मी म्हटलं, आत्याने आपणहून सांगेपर्यंत आपण कशाला बोला."

मग मी गेराल्डला फोन लावला. "तुझ्या मुलीचा फोटो बघितलास?"

गेराल्ड मला लहानपणापासून घाबरतो. "बघितला, ताई."

"आणि गप्प बसलास?"

"मी विचार करत होतो."

"काय विचार करत होतास?"

"तू काय म्हणशील, याचाच."

शेवटी मी लुबोवाकाकांकडे गेले. लुबोवाकाका आमच्या कुळात लग्नाच्या बैठकीत बोलायला उभे राहतात, त्यामुळे ते साधं पाणी मागतात तेही भाषणासारखं. "मला काय विचारतेस, लेओकाडिया," ते म्हणाले. "मी मोठा करून बघितला. कोंबडा गावठी आहे, तुरा उत्तम आहे. पण मुलगा डावखुरा वाटतो. चौकशी करावी लागेल."

म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं. सगळ्या मसाकाला कळलं होतं की लेओकाडियाच्या भाचीने लेओकाडियाला वगळून कोंबडा घेतला. आता मागे हटायचा प्रश्नच नव्हता. रविवारी पहिली प्रार्थना आटोपून आम्ही चौदा जणांची टॅक्सी ठरवून निघालो. जाणार होतो चौघं, निघालो अकरा. पर्पेचुआने तिची नणंद आणली, नणंदेने तिची सून, काकांनी साक्षीला दोन म्हातारे घेतले, आणि उरलेले तिघं कोण होते ते मला अजून नीट माहीत नाही.

रस्ता तीन तासांचा. मसाका मागे पडलं नाही तोच गाडीत वाद सुरू झाला.

"एवढा पांढराशुभ्र कोंबडा आणला म्हणजे घर चांगलं असणार," पर्पेचुआ म्हणाली.

"पांढरा कुठे? लाल होता," काका म्हणाले.

मी म्हटलं, "तपकिरी होता. शेपटी काळी."

मग काका म्हणाले, "प्रकाशाचा फरक." दोघं म्हातारे म्हणाले, हो, प्रकाशाचा असतो फरक. तेवढ्यात गेराल्डचा फोन वाजला. त्याने खिशातून काढला तो बटणांचा, रबर बँड लावलेला, वरच्या बाजूला टॉर्च. मी त्या फोनकडे बघितलं. गेराल्डने खिडकीबाहेर बघितलं. इतकं सगळं कळणाऱ्या मला त्या वेळी काहीही कळलं नाही. मी मनातल्या मनात नासूनाला काय बोलायचं त्याची उजळणी करत होते.

नासूनाची खोली नऊ खोल्यांच्या चाळीत. मध्ये अंगण, अंगणात नळ, आणि नळावर तोंडात ब्रश घेऊन, बनियन आणि लुंगीवर तो उभा. मी त्याला लगेच ओळखलं. अकरा माणसं सणाच्या कपड्यांत आपल्या दिशेने येताना बघून त्याने ब्रश तोंडातच ठेवला.

काकांनी कोट सारखा केला आणि बैठकीतला आवाज काढला. "तरुणा, शुक्रवारी या घरच्या मुलाच्या हातात कोंबडा देणारा तूच का?"

"हो," तो म्हणाला. "मीच. अश्रफ."

"का दिलास?"

अश्रफने फेस पुसला. "काका, ती दारात येऊन उभी राहिली. बिचारीचे डोळे सुजले होते. मला बघवेना."

पर्पेचुआच्या नणंदेने हळूच डोळे टिपले.

"आणि आधी तिच्या आत्याकडे जायचं असतं, हे तुला घरी कुणी शिकवलं नाही?"

अश्रफने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "कोंबड्यासाठी?"

"कोंबड्यासाठीच."

"चुकलंच मग," तो म्हणाला. पोरगं नम्र होतं, मला ते तेवढ्यातही जाणवलं. मग काकांनी त्याला बापाचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, कूळ विचारलं. त्याने सगळं नीट सांगितलं. मोठ्यांनी विचारलं तर सांगायचंच असतं, कशासाठी विचारताय असं आपण विचारत नाही. कूळ वेगळं निघालं तेव्हा दोन्ही म्हाताऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या.

"आता तो कोंबडा कुठे आहे?" काकांनी विचारलं. "तो आत्यासमोर परत घे आणि रीतीने पुन्हा सुरुवात कर."

"तो तर खाल्ला," अश्रफ म्हणाला.

"कुणी?"

"केफाने. मलाही एक तंगडी दिली."

काका नळाजवळच्या उपड्या बादलीवर बसले. "खाल्ला," ते म्हणाले. "म्हणजे संपलं. आता हे लग्न मोडायचं म्हटलं तरी मोडता येणार नाही."

लग्न हा शब्द ऐकल्यावर पर्पेचुआने सवयीने जीभ हलवून मंगलकार्यातली ती लांबलचक आरोळी ठोकली. नऊच्या नऊ दारं उघडली. त्यातल्या एका दारात नासूना होती, डोक्याला फडकं बांधलेली, हातात कालथा. वाळली होती. फोटोत हे मला कसं दिसलं नाही कुणास ठाऊक.

तिने अकरा जण बघितले, पण तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मग तिने कालथा बाजूला ठेवला, लहानपणापासून ठेवते तसे गुडघे टेकले आणि म्हणाली, "आत्या, तू आलीस?"

माझ्याकडे तीन तास पाठ केलेलं भाषण होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं. "मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?" आणि माझा आवाज फाटला. मला वाटलं होतं मी ओरडेन. मी रडले.

"काय विचारायचं?" ती घाबरली. "आत्या, काय झालं? कोण गेलं?"

"तू चाललीस!" मी म्हटलं. "याच्याशी! कोंबडा खाऊन झाला आणि मला पत्ता नाही!"

नासूनाने माझ्याकडे बघितलं, अश्रफकडे बघितलं, आणि अश्रफच्या हातातून ब्रश खाली पडला. मग सगळं बाहेर आलं. कोंबडा अश्रफचा. पाळलेला. रोज पहाटे तीनला नासूनाच्या खिडकीखाली उभा राहून बांग द्यायचा. तीन रात्री झोप झाली नाही म्हणून ती अश्रफच्या दारात गेली. अश्रफने दोन दिवस विचार केला आणि शुक्रवारी मशिदीत जाता जाता, म्हणून अंगात कांझू, कोंबडा उचलून देऊन टाकला. नासूनाला कोंबड्याची भीती वाटते, लहानपणी एक डोक्यावर बसला होता, म्हणून हात पुढे केला केफाने.

"तुम्ही लग्नाचं विचारत होता?" अश्रफ काकांना म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही कोंबड्याचे मूळ मालक आहात."

काका बादलीवरून उठले. इज्जतीचा प्रश्न होता. "पोरी, चूक तुझी आहे," ते म्हणाले. "असा फोटो कुणी जगाला दाखवतं? आम्ही प्रत्येकाने बघितला."

"प्रत्येकाने?" नासूना म्हणाली.

"प्रत्येकाने. मी मोठा करून बघितला."

नासूनाचा चेहरा विचित्र झाला. तिने कमरेला खोचलेला फोन काढला. "काका, तो फोटो मी एकाच माणसाला दाखवला होता. तसं करता येतं. हे आजचं बघा." तिने फोन पुढे केला. सकाळच्या चहाच्या कपाचा फोटो. खाली, बघणारे, एक. आणि त्या एकाच्या जागी माझं नाव आणि वेळ, सव्वासहा.

पर्पेचुआ नणंदेच्या गोमेसीच्या कमरपट्ट्याची गाठ तपासू लागली. गेराल्डने खिशातला फोन आणखी खोल ढकलला. काकांनी अश्रफला विचारलं, इथे संडास कुठल्या बाजूला आहे.

मला मात्र एवढंच कळत होतं की माझं डोकं चालत नाहीये. "एकच म्हणजे?" मी विचारलं. "फक्त कोंबडा?"

"सगळंच," नासूना म्हणाली. "आठ महिन्यांचं. मांजर, रोलेक्स, सगळं. करपलेला मटोके मी कशाला कुणाला दाखवू? मला वाटलं तू फोन करून शिव्या देशील. कोंबड्याचा फोटो बघून तर मला वाटलं, आता ही नक्की फोन करणार, आता हिला राहवणारच नाही."

"तूच म्हणालीस, फोन करू नकोस."

"चार वेळा नको म्हणाले होते, आत्या. चार वेळा. मी फोन केला की तू म्हणायचीस काम आहे, ठेवते. मग मी हे टाकायला लागले. सकाळी उठले की आधी बघते, आत्याने बघितलं का. बघितलं म्हणजे तू उठलीस, तू बरी आहेस. तेवढ्यावर दिवस काढते. 'आज नको' लिहिलं त्या दिवशी मी फोन हातात धरून बसले होते."

"मीही," मी म्हटलं.

बास, मग आम्ही दोघी त्या नळाजवळ, नऊ खोल्यांची माणसं आणि मसाकाचे दहा जण बघत असताना, एकमेकींना धरून रडलो. मला लाज वाटत होती आणि इतका आनंद होत होता की लाज कुठे संपते ते समजत नव्हतं. मनाचं माप घेणारी मी, आणि पोर आठ महिने माझ्याच नावाने हाका मारत होती, तर मी तिचं स्टेटस बघतेय म्हणून खूश!

आलोच होतो, तर जेवलो. नासूनाने टाकलेला मटोके याच गोंधळात करपला, म्हणून मी दुसरा टाकला. अश्रफला जेवायला बसवलं, आणि काकांनी त्याचं कूळ, बाप, आजोबा, सगळं एका कागदावर लिहून कोटाच्या खिशात ठेवलं. "एवढी चौकशी झालीच आहे, तर वाया कशाला घालवा," ते म्हणाले. नासूना "काका!" म्हणून ओरडली. अश्रफ ताटाकडे बघून हसला. मी ते हसू बघितलं. पण आता मी कसलाही अंदाज करत नाही, सोडलं मी ते.

निघायच्या आधी नासूनाने मला शिकवलं, स्टेटस टाकायचं कसं आणि ते एकाच माणसाला दाखवायचं कसं. तीनदा शिकवलं. मी म्हटलं, मी काय खुळी आहे का, एकदा सांगितलेलं पुरतं.

मंगळवारी दुपारी मी मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि आयुष्यातलं पहिलं स्टेटस लिहिलं. फक्त नासूनासाठी. "माझ्या बाळा, तुझी फार आठवण येते. जेवलीस का?" तिने सांगितलेली सगळी बटणं दाबली. कुठलंतरी एक राहिलं असावं.

पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला. गोमेसीच्या एकवीस गिऱ्हाइकांनी कळवलं, जेवलो. पांढरा धागा पुरवणारा म्हातारा म्हणाला, आत्ताच बसतोय, पण विचारल्याबद्दल डोळ्यांत पाणी आलं. चर्चच्या फादरनी लिहिलं, "जेवलो, लेओकाडिया. देव तुझं भलं करो."

नासूनाने काही लिहिलं नाही. तिचा फोन आला. मागे छापखान्याचं यंत्र खडखडत होतं आणि कुणीतरी खोखो हसत होतं.

"आत्या," ती म्हणाली, "ऑफिसात सगळे हसतायत. पर्पेचुआने आत्ताच कळवलं, तू अख्ख्या मसाकाला जेवलीस का विचारलंस."

"हसू दे," मी म्हटलं. "त्या सगळ्यांनी उत्तर दिलं. तू जेवलीस का?"